बाहेरून लावलेलं कुलूप

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीत दुपारचा वारा फिरतो. मार्केट यार्डाच्या बाजूनं हळदीचा कोरडा, जरासा कडवट वास येतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. पहाटे अजून शाल लागते, पण अकरा वाजले की पत्रे तापून कडकड वाजायला लागतात. काल भाजी घेऊन परतताना झेरॉक्सच्या दुकानापुढं बारावीच्या पोरी हॉल तिकिटाच्या प्रती काढायला उभ्या होत्या. त्यातली एक सारखी कंपास उघडून बघत होती. पेन आहे, पेन्सिल आहे, खोडरबर आहे, मिटला. परत उघडला. तिच्या कपाळावरचा घाम बघून मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि उगीचच थोडा वेळ तिथं उभी राहिले.

परीक्षेचे दिवस आले की लोकांना आपापले पेपर आठवतात. मला पद्माक्का आठवतात.

मी वयस्कर माणसांच्या सोबतीला राहते. ब्युरोच्या कागदावर त्याला केअरटेकर म्हणतात, बिल्डिंगमधली माणसं ‘बाई ठेवलीय’ म्हणतात. चार वर्षांपूर्वी मी या कामाला लागले तेव्हा माझी मुलगी प्राजक्ता बारावी सायन्सला होती. नवरा सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यात एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला, मुलगी आणि सासूबाई तासगावजवळच्या आमच्या गावात, आणि मी सांगलीत, पद्माक्कांच्या फ्लॅटमध्ये. तिघांचे तीन दरवाजे. माझा दरवाजा दुसऱ्या मजल्यावर होता. लोखंडी जाळीचा.

पद्माक्का ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. बारीक चणीच्या, गोऱ्या, आवाज मात्र खणखणीत. मालक हळदीचे व्यापारी होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा अजित पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. मी येण्याआधीच्या पावसाळ्यात पद्माक्का बस्तीतनं, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातनं, परत येताना जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. छत्तीस पायऱ्या. अजितदादांनी मला पहिल्या दिवशी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. गोळ्यांचा डबा, व्यायाम, डॉक्टरांचा नंबर. शेवटी म्हणाले, “आईला खाली न्यायचं नाही. काहीही झालं तरी. आणि तुम्ही भाजीला वगैरे खाली गेलात की बाहेरून कुलूप लावून जा. ती ऐकत नाही.”

वाईट माणूस नव्हता तो. रोज सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला आईला फोन करायचा, एकही दिवस चुकायचा नाही. आईची हाडं त्याला काचेची वाटायला लागली होती, एवढंच.

बस्ती पलीकडच्या गल्लीत होती. सकाळी तिथली घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. घंटा झाली की पद्माक्का आंघोळ करून, वॉकर सरकवत जाळीच्या दारापाशी यायच्या आणि तिथल्या खुर्चीत बसायच्या. जिन्यावरनं येणाजाणाऱ्यांचे आधी पाय दिसायचे, मग अंग. त्यांना पायांवरनं माणूस ओळखता यायला लागला होता. “हे वरचे बाबर सर. टाच घासत जातात.” “ही दूधवाली.” आणि तिसऱ्या मजल्यावरची नवी सून घाईनं उतरली की म्हणायच्या, “जा बाई, जा. पळ.”

किल्ली माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायची. मंगळसूत्राच्या वाट्यांवर आपटून ती वाजायची. मी पोळ्या लाटत असले तरी तिचा आवाज बाहेरच्या खोलीत जायचा. एकदा पद्माक्का म्हणाल्या, “शोभा, आमच्या सासरी एक गाय होती. तिच्या गळ्यातली घंटा अशीच वाजायची.” मी हसले. नंतर बराच वेळ विचार करत राहिले की आम्हा दोघींपैकी गाय कुणाला म्हणाल्या.

कारण मीही त्या जाळीच्या आतच होते. चोवीस तासांचं काम. दुपारी त्या झोपल्या की अर्धा तास भाजीला, दळणाला, मेडिकलला. बाकी दिवसभर तीच तीन खोल्यांची फरशी. गावाकडं असताना माझे पाय दिवसात किती शिवार तुडवायचे ते मला कधी कळलंही नव्हतं. इथं पोटऱ्या आखडायच्या. गॅलरीला ग्रिल होतं. त्यातनं समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि आभाळाचा एक चौकोन दिसायचा. दुपारी कावळा टाकीवर येऊन बसला की आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसायचो. घरात कुणी पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

तरी आम्ही एकमेकींना सांभाळून होतो. त्यांचा कांदा-लसणाचा नियम मी पाळायचे, माझ्या सोमवारच्या उपासाला त्या साबुदाणा भिजवायची आठवण करून द्यायच्या. प्राजक्ताची चौकशी रोज. “भौतिकशास्त्र म्हंजे ते विजेचं न्हवं? आवघड असतंय ते,” असं म्हणून मान हलवायच्या. स्वतः चौथी शिकलेल्या. पण पोरीच्या पेपरांचं वेळापत्रक त्यांनी माझ्याकडून लिहून घेऊन देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं.

इंग्रजीचा पेपर बरा गेला. फिजिक्सच्या आदल्या संध्याकाळी प्राजक्ताचा फोन आला. आधी नुसताच श्वास ऐकू आला.

“आई, मला काय आठवंना झालंय.”

“आठवंल. झोप जरा.”

“न्हाई आठवत. पुस्तक उघडलं की अक्षरं हलत्यात. मी उद्या न्हाई जाणार.”

तिची ती ‘न्हाई’ मला माहीत होती. लहानपणी तापात औषध घ्यायचं नसलं की दात आवळून अशीच म्हणायची. सासूबाईंनी फोन घेतला. “सकाळधरनं जेवली न्हाई पोरगी. तू ये बाई.”

मी ब्युरोला फोन केला. तिथल्या ताई म्हणाल्या, सकाळी आठला बदली बाई पाठवते. रीतसर सुट्टी. मी निर्धास्त झाले. सकाळी सहालाच वरणभात करून ठेवला, गोळ्या वाटीत काढल्या, केस विंचरून तयार बसले. आठ वाजले. सव्वाआठ झाले. फोन केला तर ताई म्हणाल्या, “अगं तिच्या घरी काहीतरी झालंय, येत नाही ती. आज माझ्याकडं कुणीच नाही. तू घर सोडायचं नाही हां, काही झालं तर माझं नाव जाईल.”

पद्माक्का खुर्चीतनं माझ्याकडं बघत होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण माणसाचा चेहरा त्या नीट वाचायच्या.

“जा तू,” त्या म्हणाल्या.

“आवं आक्का, तुमच्याजवळ कोण?”

“मी हाय की माझ्याजवळ. जा. पोरीचा पेपर हाय.”

मी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. ताट झाकून टेबलावर ठेवलं. वॉकर हाताशी. त्यांचा बटणांचा फोन पलंगावर. दोन-तीन तासांत येते म्हणाले. बाहेर पडताना त्यांनी मला थांबवलं.

“शोभा. कुलूप लावू नको पण.”

“बरं,” मी म्हणाले.

दार ओढून घेतलं. जिन्यात उभी राहिले. आतनं काही आवाज नव्हता. मला त्या छत्तीस पायऱ्या दिसल्या. त्यांच्या कडा दिसल्या, आणि चौथ्या पायरीचा उडालेला टवका. मी गळ्यातला दोरा काढला, किल्ली घातली आणि जमेल तेवढी हळू फिरवली. लोखंडाला हळू काही समजत नाही. खटका झाला. मी पळत खाली उतरले.

तासगावच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. द्राक्षांचा हंगाम होता. रस्त्याकडेला बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळ्या ताणलेल्या, आत रॅकवर द्राक्षं वाळत पडलेली. गाडी थांबली की त्यांचा आंबूस गोड वास आत शिरायचा. एरवी हा रस्ता मला आवडायचा. त्या दिवशी मी सारखी मूठ उघडून बघत होते. किल्लीचे दात तळहातावर उमटले होते.

तासगावात परीक्षा केंद्राच्या गेटबाहेर चिंचेच्या झाडाखाली आईबापांची गर्दी होती. सासूबाईंनी कशीबशी आणलेली प्राजक्ता त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली होती, ओठ पांढरे. मी तिचे हात धरले तर बर्फ. वाटेत घेतलेलं केळं तिला सोलून दिलं. दोन घास खाल्ले तिनं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक गाईची, म्हशीची, घरचीच काहीतरी विचारपूस केली असेल. सव्वादहाला ती उठली.

“जाते मी. पण तू जायचं न्हाई. सुटंस्तवर हितंच बसायचं.”

“अगं, मला परत—”

“मग मी न्हाई जात.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती गेटातनं आत गेली आणि शिपायानं गेट ओढून घेतलं.

अकरा ते दोन. तीन तासांत माणूस किती वेळा एकच गोष्ट बघू शकतो ते मी तिथं शिकले. साडेअकराला पद्माक्कांना फोन लावला. दुसऱ्या फोनवर आहेत, असं फोनमधली बाई सांगायला लागली. म्हणजे अजितदादांचा फोन आज उशिरा आला असणार. आता सगळं संपलं, असं वाटलं. दहा मिनिटांनी लावला तर नुसती रिंग. परत लावला. रिंग. बाराला, साडेबाराला, एकला. रिंग. बाबर सरांचा नंबर माझ्याकडं होता, पण तेही परीक्षेच्या ड्युटीवर, त्यांची बायको माहेरी. आणि असते घरी, तरी काय? किल्ली माझ्या मुठीत होती. आग लागली असती, त्या न्हाणीत घसरल्या असत्या, तरी आत जाणारं कुणी नव्हतं. गेटच्या आत माझी पोर, जाळीच्या आत त्या, आणि मी मध्ये चिंचेखाली कुणाच्याच कामाची नाही. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. म्हणाल्या, “एवढं टेन्शन घेऊ नका. जातोय पेपर चांगला.”

दोन वाजता प्राजक्ता बाहेर आली. बरा गेला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. मी तिला जवळसुद्धा नीट घेतलं नाही. समोर लागलेल्या सांगली गाडीत चढले.

साडेतीनला कुलूप काढताना किल्ली दोनदा चुकली.

पद्माक्का दारातच खुर्चीत बसल्या होत्या. नेसायला ठेवणीतली मोतिया रंगाची साडी. केस नीट बांधलेले. मांडीवर तांदळाची छोटी चांदीची डबी. बस्तीत देवापुढं वाहायचे तांदूळ. वॉकर समोर उभा. टेबलावरचं ताट झाकलेलं तसंच होतं.

मी खाली बसले. त्यांच्या पायांना हात लावला, कुठं लागलंय का बघायला. त्यांनी पाय मागं घेतले.

“पेपर झाला?”

“झाला. आक्का, तुम्ही जेवला न्हाई?”

“दर्शन घेतल्याशिवाय जेवायचं न्हाई असा नेम होता माझा. मोडलं हाड तवापासनं सोडला हुता. आज म्हटलं, दार उघडं हाय, नेम पाळू.” त्यांनी पदर सारखा केला. “खटका ऐकला मी. पण वाटलं, कानाला भास झाला असंल. साडी नेसून आले. दार ढकलून बघितलं.”

मी हातातली किल्ली फरशीवर ठेवली.

“अजितचा फोन आला हुता,” त्या म्हणाल्या. “शोभाला दे म्हणाला. मी म्हटलं, न्हाणीत हाय ती. धुणं धुतीय.” त्यांनी डबीचं झाकण उगीचच दाबलं. “मग तुझा वाजत हुता. एकदा उठून गेले हुते आत, परत उठवंना.”

सात तास. कोंडून ठेवणारीला वाचवायला त्या खोटं बोलल्या होत्या, आणि जैन बाईला खोटं बोलणं काय असतं ते मी त्यांच्या घरात राहून पाहिलं होतं. मी रडले असते, पण त्यांनी रडायला जागा दिली नाही. वॉकरला हात घातला.

“आता ने मला.”

मी नेलं. अजितदादा, ब्युरो, डॉक्टर, कुणाचीच आठवण काढली नाही. वॉकर जाळीपाशी ठेवला. त्यांचा एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या गळ्यात. एक पायरी. दोन्ही पाय त्याच पायरीवर. मग दुसरी. पद्माक्का मोजत नव्हत्या, मी मोजत होते. अकरा, बारा. मधल्या वळणावर पोचलो तेव्हा त्यांचा गुडघा हलायला लागला, वाऱ्यात कागद हलतो तसा. मी त्यांना तिथंच जमिनीवर बसवलं आणि शेजारी बसले.

तिथं आम्ही अडकलो. खाली उतरवायची ताकद त्यांच्या पायात नव्हती आणि वर चढवायची माझ्या हातांत. भिंतीला उंचावर सिमेंटची जाळी होती. तिच्यातनं उन्हाचे चौकोन पायऱ्यांवर पडले होते, आणि हळदीचा वास येत होता. मालक घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा, असं त्या म्हणाल्या. लग्नानंतर पहिलं वर्षभर शिंका यायच्या. मग म्हणाल्या, “बस्ती कुठल्या अंगाला येती गं हितनं?”

मी अंदाजानं बोट दाखवलं. समोर डागाळलेली भिंत होती आणि तिच्यावर कुणीतरी केबलवाल्याचा नंबर लिहिलेला होता. पद्माक्कांनी डबी उघडली, चिमूटभर तांदूळ पायरीवर ठेवले, हात जोडले. डोळे मिटून बराच वेळ बसल्या. मी वर जाऊन ताट घेऊन आले. गार वरणभात त्यांनी तिथंच बसून खाल्ला. सगळा खाल्ला.

चार-सव्वाचारला बाबर सर ड्युटी संपवून आले. आम्हाला बघून दचकले. काही न विचारता त्यांनी खाली पिशवी ठेवली. “वर का खाली?” एवढंच म्हणाले.

मी पद्माक्कांकडं बघितलं.

“वर,” त्या म्हणाल्या. “दमले मी.”

शनिवारी अजितदादा आले. बाबर सरांनी सहज बोलता बोलता जिन्यातली गोष्ट सांगितली, आणि मी उरलेली सांगून टाकली. कुलपासकट. ते उठून खिडकीशी गेले.

“मला फोन का नाही केलात?”

“केला असता तर जाऊ दिलं असतं?”

“आई पडली असती तर? त्या दिवशी आत काही झालं असतं तर? मी तुम्हाला दोष देत नाही. पण मला झोप नाही लागणार आता.”

“तुमचं दोघांचं झालं का बोलून?” पद्माक्का खुर्चीतनं म्हणाल्या. “मला कुणी विचारणार हाय का काय?”

आम्ही दोघं त्यांच्याकडं बघायला लागलो. मग अजितदादांनी विचारलं, “बोल, काय पाहिजे तुला?” त्यांना वाटलं असणार की ती काहीतरी मागेल. पद्माक्का गप्पच राहिल्या. इतके महिने कुणी न विचारल्यावर एकदम विचारलं की माणसाला सांगता येत नाही. मलाही आलं नसतं.

प्राजक्ताचे पेपर संपले त्याच आठवड्यात ते त्यांना पुण्याला घेऊन गेले. तिथं लिफ्ट आहे म्हणाले. खुर्चीत बसवून दोघांनी खाली उतरवलं, छत्तीस पायऱ्या दोन मिनिटांत. निघताना गाडी बस्तीपाशी थांबवली. मी त्यांना धरून आत नेलं. गाभाऱ्यात थंडगार होतं, संगमरवर तळपायांना गार लागत होता. त्या मूर्तीपुढं उभ्या राहिल्या, तांदूळ वाहिले, आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. पत्ता सापडलेल्या माणसासारख्या नुसत्या उभ्या होत्या.

बाहेर पायरीवर चप्पल घालताना माझा दंड धरून म्हणाल्या, “तू कुलूप लावलंस ते बरोबर केलंस, असं मी म्हणणार न्हाई.”

“म्हणू नका.”

“पण पोरगी पेपरला बसली. ते झालं.”

मी त्यांची माफी मागितली नाही. तेव्हा वाटलं, गाडी सुरू आहे, दादा थांबलेत. खरं म्हणजे तोंडातनं शब्द निघाला नाही.

प्राजक्ताला फिजिक्सला फार मार्क पडले नाहीत, पण पास झाली. आता कराडला बी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कुलपाचं मी तिला सांगितलेलं नाही. पेपर चालू असताना मी झाडाखाली बसून होते, एवढंच तिला ठाऊक आहे आणि तिला त्याचा फार आधार वाटतो. कामाला नवीन घर धरते तेव्हा मी आधीच सांगून ठेवते की बाहेरून कुलूप लावणार नाही. दोन घरं त्यामुळं हातची गेली. आत्ताच्या घरात आजोबा आहेत, त्यांना कळत नाही काही, तरी दार नुसतं ओढून घेते. खाली भाजी घेत असते आणि कान सगळा वर. म्हणजे सुटले असं नाही.

काल झेरॉक्सच्या दुकानापासनं घरी आल्यावर पद्माक्कांना फोन केला. वर्षातनं तीन-चारदा करते. आता आवाज बारीक झालाय, पण ओळखतात. पुण्यात अकरावा मजला. बाई ठेवलीय, चांगली आहे म्हणाल्या. लिफ्टनं खाली जाता का, मी विचारलं.

“गेले हुते दोन-चारदा. खाली उतरून जायचं कुठं गं? नुसत्या मोटारी उभ्या असत्यात.”

बाहेर कातरवेळ व्हायला आली होती. त्यांची जेवणाची वेळ. सूर्य बुडायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असतं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. म्हणून म्हणाले, “जेवलात का आक्का? की फोन ठेवू?”

“बोल तू. घाई न्हाई,” त्या म्हणाल्या. “हितं लय वर राहतो आमी. सांगलीत कवाच मावळला असंल बघ. हितं दिवस बुडता बुडत न्हाई.”